प्लेट तुमची, फ्लँज आमची

सकाळी पावणेसात

रात्रपाळीने काम चोख केलं होतं. वाफेच्या लाइनीची झडप बंद, झडपेला कुलूप, कुलपाला लाल टॅग, तळाचे ड्रेन उघडे. लॅगिंग काढलेल्या जागी मी पाइपाला उलटा हात लावून पाहिला तर कोमट होता. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत मे महिन्यात याहून थंड लोखंड मिळत नाही.

शटडाउन एकच दिवसाचं. मेकॅनिकलवाल्यांची यादी लांबलचक, आमच्या इन्स्ट्रुमेंट खात्याची छोटी. तिच्यातलं पहिलं काम म्हणजे सहा इंची वाफेच्या लाइनीवरची ऑरिफिस प्लेट काढून तपासायची आणि नवी बसवायची. दुसरं, कूलिंग वॉटरच्या आठ इंची लाइनीवरची प्लेट उघडून बघायची. वाफेचं काम का निघालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. महिनाअखेरच्या हिशेबात बॉयलर हाउस म्हणतं एवढे टन वाफ दिली, आणि वापरणाऱ्यांच्या मीटरची बेरीज काही तेवढी भरत नाही. मग प्रत्येक मीटिंगला बोट आमच्याकडे.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ऑरिफिस प्लेट म्हणजे दांडी असलेला सपाट तवा, मधोमध नेमक्या मापाचं गोल भोक. पाइपात दोन फ्लँजच्या मध्ये ती आडवी उभी राहते. वाहणारी वाफ भोकातून दाटीवाटीने जाते, प्लेटच्या अलीकडे दाब जास्त राहतो, पलीकडे पडतो. या दोन दाबांतला फरक मोजला की प्रवाह कळतो. तत्त्व बर्नोलीच्या 1738 सालच्या पुस्तकातलं, त्यात नवं काही नाही. हिच्यात हलणारा एकही भाग नाही आणि वीज लागत नाही. आणि साधारणपणे हिला पाणी सोडून कॅलिब्रेट करायचीही गरज नसते. भोकाचा व्यास, पाइपाचा आतला व्यास, कडेची धार आणि प्लेटची जागा मानकात सांगितल्याप्रमाणे असली की आकडा बरोबर येतो असं गृहीत धरून अख्खं जग वाफ, गॅस आणि तेल विकतं. यातल्या पहिल्या तीन गोष्टी बनवणाऱ्याच्या कारखान्यात घडतात. चौथी इथे, परांचीवर उभं राहून, घामाने निसरड्या झालेल्या हातांनी करायची असते.

सव्वासात

टूलबॉक्स टॉक. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, उंचीवर बेल्ट. सेफ्टीचे साहेब रोजचंच बोलले आणि रोजचंच बोलायला हवं. मग कामांची वाटणी, आणि तो जुना वाद.

फ्लँज मेकॅनिकलचा. नट-बोल्ट, गॅस्केट मेकॅनिकलचं. प्लेट इन्स्ट्रुमेंटची. म्हणजे उघडणार ते, बसवणार ते, आवळणार ते, आणि आकडा चुकला की जबाब देणार आम्ही. गेल्या वेळी आमच्या खात्याने स्टोअरमधून प्लेट काढून मेकॅनिकलच्या टेबलावर ठेवली आणि पोचपावती घेतली. बसवताना तिथे आमचं कुणी नव्हतं. मी त्या शटडाउनला दुसऱ्या प्लांटवर होतो, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा ते मला माहीत नाही. पण पद्धतच अशी असेल तर माणूस कोण होता याने फरक पडत नाही.

मेकॅनिकलचे फोरमन म्हणाले, "अहो, प्लेट तुमची, फ्लँज आमची. तुम्ही फक्त द्या."

मी म्हटलं, "देतो. पण बसेपर्यंत तिथून हलणार नाही."

त्यांनी खांदे उडवले. त्यांना आज आठ पंप उघडायचे होते. सोबत त्यांनी मामांना दिलं हे मात्र मोठं काम केलं. मामा म्हणजे खात्यातले सगळ्यांत जुने फिटर. त्यांना आडनावाने हाक मारणारं आता कारखान्यात कुणी उरलेलं नाही.

साडेआठ

परमिट हातात यायला एवढा वेळ लागलाच. लाइन ब्रेकिंगचं परमिट म्हणजे तीन सह्या, आणि तिन्ही साहेब तीन टोकांना. मी त्याबद्दल कुरकुर करत नाही. वाफेच्या लाइनीत अडकून राहिलेलं गरम पाणी काय करतं ते एकदा पाहिलेला माणूस सह्यांची घाई करत नाही.

परांचीवर मामा, मी आणि कॉन्ट्रॅक्टरचा एक तरुण हेल्पर. पोरगा उत्साहाने समोरचाच नट पकडून बसला. मामांनी त्याचा पान्हा काढून घेतला.

"अरे, आधी लांबचा सोड. आत काही उरलं असेल तर ते तिकडे जाऊ दे, तुझ्या तोंडावर नको."

लांबच्या बाजूचे दोन स्टड सैल झाले. फट पडली, चमचाभर गंजकं पाणी ठिबकलं आणि थांबलं. मग बाकीचे. फ्लँज 300 क्लासचा, बारा स्टड. ऑरिफिस फ्लँजला एक सोय असते. दोन बाजूंना जॅक बोल्ट असतात, ते फिरवले की फ्लँज एकमेकांपासून सरकतात. पहारीने उचकटावं लागत नाही. आमचे जॅक बोल्ट अर्थातच रंगात बुडालेले आणि गंजून जाम. त्यांना सोडवण्यात अर्धा तास गेला. दर वर्षी रंगारी येतात तेव्हा या बोल्टांना थोडं ग्रीस आणि कापड गुंडाळा, असं मी सांगतो. दर वर्षी ते त्यांनाही पिवळा रंग मारून जातात.

साडेनऊ

प्लेट बाहेर आली. किलोभर वजनाची, स्टेनलेस स्टीलची. तिला लगेच पुसायची नसते, हे मी हेल्परला सांगेपर्यंत त्याने कॉटन वेस्ट हातात घेतलं होतंच. वापरलेल्या प्लेटच्या तोंडावर ती कशी बसली होती ते उमटलेलं असतं. पाइपाच्या आतल्या गोलाएवढ्या भागाला वाफ लागते, तिथे तपकिरी थर बसतो. त्याच्या बाहेर गॅस्केटखाली धातू स्वच्छ राहतो. थराची ही गोल कड म्हणजे पाइपाच्या भिंतीचा छाप. त्या कडेपासून भोकाच्या धारेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजलं की प्लेट मध्यावर होती का ते कळतं.

पाइपाचा आतला व्यास 154 मिमी, भोक 92.45 मिमी. म्हणजे सगळीकडे 30.8 च्या आसपास यायला हवं. डावी-उजवी बाजू बरोबर. वर 32.3, खाली 29.3. फरक तीन मिलिमीटर, त्याच्या निम्मे दीड. प्लेट दीड मिलिमीटर खाली उतरून बसली होती.

दीड मिलिमीटर म्हणजे काय बिघडलं, असं कुणीही म्हणेल. मानकाचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. आयएसओ 5167 चा दुसरा भाग फक्त ऑरिफिस प्लेटबद्दल आहे. त्यात प्लेट मध्यापासून किती सरकलेली चालेल याचं सूत्र दिलंय आणि ते सगळ्या प्लेटना एकच मर्यादा देत नाही. भोकाचं पाइपाशी प्रमाण जितकं मोठं तितकी सूट कमी. आमच्या पाइपात भोक व्यासाच्या 0.6 पट आहे, त्याला दाब मोजायच्या भोकांच्या, म्हणजे टॅपिंगच्या, दिशेने साधारण एक मिलिमीटर चालतो. तेच प्रमाण 0.7 असतं तर 0.6 मिमी. 0.2 असतं तर साडेतीन मिमीहून जास्त. टॅपिंगच्या काटकोनात सरकली असेल तर सूट दुप्पट. आमचे टॅपिंग आडवे आहेत आणि प्लेट खाली सरकली आहे, म्हणजे काटकोनातच. मर्यादा साधारण 1.9, प्रत्यक्षात 1.5. कागदावर जुनी प्लेट पास होती!

मामा हसले. "म्हणजे आपण उगाच खोललं?"

उगाच नाही. वाफेच्या आडव्या लाइनीत प्लेटच्या तळाला एक बारीक ड्रेन होल असतं, आमच्याकडे 3 मिमीचं. वाफेतलं निवळून झालेलं पाणी पाइपाच्या तळाने वाहत येतं, ते प्लेटपाशी अडून राहू नये म्हणून. हे भोक पाइपाच्या तळाला चिकटून असायला हवं. प्लेट दीड मिलिमीटर उतरली की अर्धं भोक पाइपाच्या भिंतीआड जातं. उरलेलं अर्धं गॅस्केटने बुजवलं होतं. कारण गॅस्केटच मूळ नव्हतं. स्पायरल वाउंडचा स्टॉक संपला असावा, कुणीतरी शीटमधून हाताने गोल कापून घातलेला, आतली कड वेडीवाकडी आणि खालच्या बाजूला पाइपात चांगली बोटाच्या पेराएवढी डोकावणारी.

मी टॉर्च आत मारला. प्लेटच्या अलीकडच्या बाजूला पाइपाच्या तळाशी तांबूस रेघ, दोन्ही अंगांना सारख्याच उंचीवर. तिच्या खाली पाणी साचून राहिलं होतं. प्लेटच्या पलीकडे अशी रेघ नव्हती. ज्या पाइपाच्या आकारावर सगळं गणित उभं आहे त्याचा तळ पाण्याने भरलेला. अशा स्थितीत आकडा किती टक्के चुकतो हे मानक सांगत नाही. ते एवढंच सांगतं की गॅस्केट पाइपात डोकावता कामा नये. मीही टक्केवारी सांगितली नाही, मॅनेजरसाहेबांनी दोनदा विचारली तरी.

साडेदहा

नवी प्लेट वर्कशॉपच्या टेबलावर. चहा टेबलापासून लांब ठेवायचा, हा माझा नियम.

आधी धार. प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूची भोकाची कड तीक्ष्ण हवी. इतकी की तिच्या कोपऱ्याची गोलाई भोकाच्या व्यासाच्या 0.0004 पटीहून जास्त नको. आमच्या भोकाला ते 0.037 मिमी होतात, माणसाच्या केसाच्या साधारण निम्मे. हे मोजायला आमच्याकडे यंत्र नाही. दोन जुने उपाय आहेत. टॉर्च तिरका धरून कडेवर प्रकाश मारायचा. कड बोथट असेल तर चकाकणारी बारीक रेघ दिसते, तीक्ष्ण असेल तर काहीच परतत नाही. दुसरा म्हणजे अंगठ्याचं नख कडेवरून अलगद ओढायचं. धार असेल तर नखाचा पांढरा कीस निघतो. निघाला.

मग इनसाइड मायक्रोमीटरने चार दिशांना व्यास. चारांतला एकही सरासरीपासून 0.05 टक्क्यांहून जास्त हलायला नको, म्हणजे 0.046 मिमी. बसले. मग सपाटपणा, स्टीलची पट्टी आडवी धरून खाली फिलर गेज. प्लेट पेटीतून पडून किंवा तिच्यावर एखादं पंपाचं कव्हर ठेवून किंचित वाकलेली निघणं नवीन नाही. स्टोअरमध्ये प्लेट उभ्या टांगून ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत.

मागच्या बाजूला भोकाची कड 45 अंशांत उतरती कापलेली. ती बाजू प्रवाहाच्या दिशेने. हँडलवर पंचने टॅग नंबर, भोक, पाइपाचा व्यास, धातू आणि "अपस्ट्रीम" हा शब्द. तो शब्द वाचून मी प्लेट कधीच बसवत नाही. आधी धार बघतो, मग शब्द त्याच बाजूला आहे का ते. तसं का, ते दुपारी दिसेलच.

शेवटी ड्रेन होलच्या सरळ रेषेत प्लेटच्या बाहेरच्या काठावर पेंट मार्करने पांढरा ठिपका दिला. एकदा प्लेट फ्लँजमध्ये गेली की भोक दिसत नाही, ठिपका मात्र फटीतून दिसतो.

साडेअकरा

आता ज्याच्यासाठी आलो ते.

पुस्तकात चित्र सोपं असतं. प्लेटचा बाहेरचा व्यास असा ठेवतात की ती स्टडच्या गोलाच्या आत नेमकी मावेल आणि स्टडच तिला मध्यावर धरतील. आमच्या फ्लँजवर भोकांच्या मध्यांचा गोल 269.9 मिमीचा, स्टड पाऊण इंची म्हणजे 19.05 मिमी. वजाबाकी 250.85. प्लेट 250.8. वाटतं, झालं काम.

पण स्टड 19 चा आणि ज्या भोकात तो जातो ते 22.2 चं. तीन मिलिमीटरची मोकळीक. सैल स्टड आपल्या वजनाने भोकाच्या तळाला टेकतो, म्हणजे मध्यापासून दीड मिलिमीटर खाली. सहा खालचे स्टड असे टेकले आणि प्लेट त्यांच्यावर बसली की तीही दीड मिलिमीटर खाली. सकाळी जुन्या प्लेटवर सापडलेला दीड इथून आला. कुणी काही चुकीचं केलंच पाहिजे असं नाही. काहीच न करता सोडलं की हेच होतं.

यावर मामांनी पूर्वीच उपाय करून ठेवलाय. लेथवर काढलेल्या पितळी नळ्या, भिंत दीड मिलिमीटर, लांबी फ्लँजच्या जाडीला पुरेल एवढी. चार स्टडवर त्या चढवायच्या, दोन खाली तिरके, एक डावीकडे, एक उजवीकडे. नळी भोकातली मोकळीक भरून काढते आणि स्टड मध्यावर येतो. हे चार खरे असले की प्लेट त्यांच्यात बरोबर उतरते. बाकीच्या आठांचं काम फक्त दाबायचं.

त्याआधी फ्लँज एकमेकांसमोर आहेत का ते पाहिलं. पाइप थंड झाल्यावर थोडा आखडतो, हँगरवरून अंग टाकतो. वरची फट खालच्यापेक्षा मिलिमीटरभर जास्त निघाली. हेल्पर पहार घेऊन तयार. मामांनी त्याला पहार खाली ठेवायला लावली आणि पुढच्या सपोर्टचा हँगर दोन वेढे आवळला. फट सारखी झाली. पहारीने ओढून आणलेला फ्लँज वाफ सोडली की आपल्या जागी परत जायला बघतो आणि गॅस्केट एका बाजूने फुसफुसू लागतं, हे त्यांनी मला नाही, पोराला सांगितलं, पण ऐकलं दोघांनी.

गॅस्केट यावेळी ग्राफाइट भरलेलं स्पायरल वाउंड, दोन्ही बाजूंना एकेक, बाहेरच्या कड्यासह. त्याच्या कड्याचा व्यास प्लेटएवढाच असल्यामुळे तेही त्याच चार स्टडवर मध्यावर बसतं. गॅस्केट, प्लेट, गॅस्केट अशी तिन्ही एकदम सरकवली. धार वाफेकडे, उतरती कड पुढे. पांढरा ठिपका तळाला. मी खाली वाकून फटीतून टॉर्च मारला, ठिपका दोन स्टडच्या बरोबर मध्ये दिसला.

नट हाताने लावले. आता डेप्थ गेज. फ्लँजचा बाहेरचा व्यास 317.5, प्लेटचा 250.8, म्हणजे फ्लँजच्या कडेपासून प्लेटच्या कडेपर्यंत 33.35 यायला हवं. गेजची पट्टी स्टडच्या मधल्या फटीतून आत घालून चार ठिकाणी मापं घेतली. वर 33.6, खाली 33.1, डावीकडे 33.4, उजवीकडे 33.3. वर-खालच्या फरकाचं निम्मं पाव मिलिमीटर. आडव्या दिशेत, जिथे मर्यादा कडक आहे तिथे, पाच शतांश. फ्लँजचा बाहेरचा काठ पाइपाच्या भोकाशी शंभर टक्के समकेंद्री असतोच असं नाही, त्यामुळे या आकड्यांना देववाणी मानू नये. तरी डोळ्याने "बरोबर वाटतंय" म्हणण्यापेक्षा ते फार बरे.

एक

डबा. मामांकडे तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, माझ्याकडे कालवण. कॅन्टीनचं ताक. कॅन्टीनमध्ये फोरमन भेटले, म्हणाले, "अजून एकच प्लेट?" त्यांचे तोवर तीन पंप झाले होते. त्यांना घाई असणं बरोबरच आहे.

पावणेदोन

आवळणं. स्टडला अँटी-सीझ लावलेलं, टॉर्क रेंच तपासलेला. बारा स्टडचा क्रम मामांना तोंडपाठ. एक, सात, चार, दहा, मग दोन, आठ, पाच, अकरा, मग तीन, नऊ, सहा, बारा. समोरासमोर, मग काटकोनात. पहिल्या फेरीत तक्त्यातल्या टॉर्कच्या तीस टक्के, आणि तीही नळ्या नसलेल्या आठांनाच. प्लेट आता गॅस्केटमध्ये पकडली गेली. मग एकेक नट काढून चारही नळ्या ओढून घेतल्या आणि ते स्टडही तीस टक्क्यांवर आणले. पुन्हा डेप्थ गेज. मापं हलली नव्हती. मग साठ टक्के, मग पूर्ण, आणि शेवटी घड्याळाच्या दिशेने एक फेरी, एकही नट फिरेनासा होईपर्यंत.

याचा कंटाळा येतो हे कबूल. पण एका बाजूने कचकचून आवळलं की प्लेट त्या बाजूला तिरकी होते, आणि तिरकी प्लेट बाहेरून कुणालाच दिसत नाही.

तीन

पाण्याची लाइन. परमिट आधीच काढून ठेवलेलं, उघडायला वेळ लागला नाही. इथे भोक तळाला नाही, माथ्याला असतं, पाण्यातली हवा सुटावी म्हणून. ते होतं. प्लेट मध्यावर होती. हँडलवरचा "अपस्ट्रीम" पंपाकडे तोंड करून. सगळं शिस्तीत.

फक्त उतरती कडही पंपाकडे होती. म्हणजे पंच करणाऱ्याने शब्द चुकीच्या बाजूला ठोकला होता आणि बसवणाऱ्याने त्या शब्दावर विश्वास ठेवून प्लेट प्रामाणिकपणे उलटी बसवली होती. उलट्या प्लेटमध्ये पाणी उताराने भोकात शिरतं, आकसत कमी, त्यामुळे दाबाचा फरक कमी पडतो आणि मीटर खरं त्यापेक्षा कमी दाखवतो, दहा-पंधरा टक्के सहज. याच लाइनीचा प्रवाह कमी येतो म्हणून गेल्या वर्षी पंप उघडून इम्पेलर बदलला होता. मामांनीच बदलला होता. त्यांनी प्लेट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली आणि मला परत दिली. काही बोलले नाहीत.

जुना शब्द ग्राइंडरने घासला, दुसऱ्या बाजूला नवा ठोकला. धार टॉर्चखाली चमकत नव्हती, म्हणून तीच प्लेट सुलटी करून घातली.

साडेचार

आता सगळं माझ्या खात्याचं. वाफेच्या लाइनीला दोन्ही टॅपिंगवर कंडेन्सेट पॉट असतात, पाणी भरलेले छोटे डबे. वाफ थेट दाबाचा फरक मोजणाऱ्या ट्रान्समीटरपर्यंत येऊ नये म्हणून मध्ये पाण्याचा खांब उभा करायचा. दोन्ही पॉट एकाच उंचीवर हवेत. मी पारदर्शक नळीत पाणी भरून उंची जुळवून पाहिली, जशी गवंडी बघतात. एक पॉट 10 मिमी वर होता. क्लॅम्प सैल झालेला.

या दहा मिलिमीटरचा हिशेब सांगतो, कारण प्रवाह दाबाच्या फरकाच्या वर्गमुळात जातो आणि त्याची गंमत इथे दिसते. आमचा मीटर 2500 मिमी पाण्याच्या फरकाला ताशी 8 टन दाखवतो. ताशी 6 टन चालू असताना फरक 1400 च्या आसपास, त्यात दहाची चूक म्हणजे अर्धा टक्काही नाही. पण रात्री प्लांट थंडावला आणि वाफ ताशी 1 टनावर आली की फरक उरतो 39 मिमी. त्यात दहा मिळवले की मीटर 1.12 टन दाखवतो. बारा टक्के चूक, आणि तीही फक्त रात्री. दिवसा तपासायला येणाऱ्याला सगळं ठीक दिसणार.

पॉट सारखे केले, वरचा प्लग उघडून पाण्याने भरले. ट्रान्समीटरचा शून्य घेतला. वर्गमूळ ट्रान्समीटरमध्ये घेतलंय की डीसीएसमध्ये, हेही कंट्रोल रूमला फोन करून पुन्हा विचारलं. दोन्हीकडे घेतलं तर 6 टनांचे जवळपास 7 होतात आणि कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण शून्य आणि पूर्ण आकडा दोन्ही बरोबरच दिसतात.

सहा

परमिट परत. कुलपं काढली. बॉयलर हाउसने बायपासमधून थोडी थोडी वाफ सोडायला सुरुवात केली, ड्रेन उघडे. पाइप कुरकुरला, ठकठकला, गरम झाला. तासभर असंच. वाफ 10 किलोच्या दाबाला 184 अंशांच्या आसपास असते. तेवढ्या उष्णतेला प्लेटचं भोक पाव मिलिमीटरने मोठं होतं, ते हिशेबात आधीच धरलेलं असतं. फ्लँजभोवती मामांनी गॉगल लावून दुरूनच पाहिलं. कुठे फुसफुस नाही.

मी ट्रान्समीटरच्या मॅनिफोल्डवरची मधली झडप, म्हणजे इक्वलायझर, बंद ठेवून दोन्ही बाजू हळूहळू उघडल्या. इक्वलायझर आणि दोन्ही बाजू एकदम उघड्या राहिल्या तर वाफ एका पॉटातलं पाणी दुसऱ्या बाजूला ढकलते आणि भरलेलं सगळं वाया जातं. नव्या पोरांना हे एकदा सांगून पुरत नाही.

साडेसात

ताशी 5.8 टन. प्लांट ज्या भाराला चालू होता त्याला हा आकडा शोभतो, एवढंच आज म्हणता येईल. बॉयलर हाउसच्या आकड्याशी जुळतंय का ते महिनाअखेरीला कळेल, आणि तिथेही बाकीचे दोन मीटर आहेतच. त्यांच्या प्लेट अजून कुणी उघडलेल्या नाहीत.

मेकॅनिकलच्या जॉब कार्डवर लिहिलं होतं, "प्लेट बसवली, गळती नाही." मी त्याखाली चार मापं लिहिली, 33.6, 33.1, 33.4, 33.3, ड्रेन होल तळाला, धार वाफेकडे, गॅस्केट स्पायरल वाउंड, आणि मामांची आणि माझी सही एकाच ओळीत घेतली. फोरमननी वाचून विचारलं, "हे दर वेळी लिहायचं?"

हो. ज्यांच्या कारखान्यात प्लेट एका खात्याची आणि फ्लँज दुसऱ्याचा आहे, त्यांनी जॉब कार्ड पुन्हा छापून घेताना चार मापांसाठी चार चौकोन आणि शेजारी दोन सह्यांची जागा ठेवावी. छपाईचा खर्च वाढत नाही.